भाऊजींना चुकायचं होतं

आमचे भाऊजी आनंदाला फार कच्चे. दुःख पचवतात, अपमान तर चघळून चघळून पचवतात, पण आनंद झाला की त्यांचं डोकं ठिकाणावर राहत नाही. ताईला मुलगी झाली तेव्हा हा माणूस दवाखान्यातून एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात परक्या कुणाची तरी चप्पल घालून घरी आला, आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. मी त्यांचा मेहुणा. बहिणीच्या नवऱ्याची टर उडवणं हे माझं कर्तव्य आहे, आणि ते मी एकतीस वर्षं इमानेइतबारे पार पाडत आलोय.

भाऊजी एका संशोधन संस्थेत उंदीर सांभाळतात. पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे. तळमजल्यावर डाव्या हाताला तीन खोल्या त्यांच्या. आत जाताना कपडे बदलायचे, बाहेर येताना पुन्हा बदलायचे, आणि घरी ताई दारातच टॉवेल घेऊन उभी असते, म्हणजे तिसऱ्यांदा. मी त्याच इमारतीत गॅसचे सिलिंडर चढवतो-उतरवतो. मला चिकटवलं त्यांनीच. मी त्यांना भाऊजी म्हणतो म्हणून आधी शिपाई म्हणायला लागले, मग कारकून, आणि आता विभागाच्या प्रमुख मोठ्या मॅडमसुद्धा भर बैठकीत 'भाऊजींना विचारा' म्हणतात. एवढ्या मोठ्या बाईंचे भाऊजी होणं सोपं नाही, पण ताईला त्याचं काडीचं कौतुक नाही.

लग्न ठरत असताना आमच्या वडिलांनी विचारलं होतं, "काम काय करता?" भाऊजी म्हणाले, "लग्नं जुळवतो." खोटं नव्हतं ते. उंदरांची घराणी राखायची, कुणाचं कुणाशी लावायचं ते ठरवायचं, हेच तर त्यांचं काम. फक्त बाहेरचं रक्त येऊ नये म्हणून ही लग्नं सख्ख्या बहीण-भावांची लावतात, पिढ्यान्‌पिढ्या, एवढंच ते सांगायचं विसरले. नंतर तपशील कळला तेव्हा वडील आठवडाभर जावयाशी बोलले नव्हते.

अशी दोन घराणी भाऊजींनी गेली एकोणीस वर्षं सांभाळली. कागदोपत्री त्यांना लांबलचक अक्षरं आणि आकडे आहेत. भाऊजींनी त्यांची नावं ठेवली डोंगरकर आणि सपाटकर. विरळ हवेत ठणठणीत राहतात ते डोंगरकर, आणि त्याच हवेत ज्यांची छाती भरून येते ते सपाटकर. दिसायला म्हणाल तर एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा. म्हणून शेपटीवर शाईच्या रेघा मारतात, डोंगरकरांना एक, सपाटकरांना दोन. महिन्याभरात शाई उडते, मग पुन्हा मारायच्या. भाऊजींना मात्र रेघा लागत नाहीत. उचलला की सांगतात.

"सोपं आहे रे," ते मला म्हणायचे. "डोंगरकर हातात आला की बोटं फाकवतो, गप्प बसतो आणि विचार करतो. सपाटकर आधी मुततो, मग विचार करतो."

मी हे दोनदा करून पाहिलं. दोन्ही वेळा शर्ट धुवायला टाकावा लागला, आणि दोन्ही उंदीर डोंगरकर निघाले.

तीन वर्षांपूर्वी छोट्या मॅडम आल्या. शिकाऊ संशोधक, पंचविशीतल्या, बोलताना खुर्चीवर पाय वर घेऊन बसणाऱ्या. त्यांना हेच शोधायचं होतं की डोंगरकर टिकतात ते कशाने आणि सपाटकर पडतात ते कशाने. त्यासाठी पारदर्शक पेट्या होत्या. आपण घेतो त्या हवेत साधारण एक पंचमांश ऑक्सिजन असतो. पेटीत मी नायट्रोजन सोडायचा आणि ऑक्सिजन निम्म्यावर आणायचा. उंच डोंगरावर नेऊन बसवल्यासारखं, पण डोंगर न चढता. त्या पेटीत उंदीर तीन आठवडे राहायचे. खायचे, झोपायचे, एकमेकांच्या अंगावर चढायचे.

"तिथे होतं काय नेमकं?" मी एकदा विचारलं.

छोट्या मॅडम म्हणाल्या, "ऑक्सिजन कमी झाला की फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. आवळून आवळून त्यांच्या भिंती जाड होतात. मग हृदयाच्या उजव्या बाजूला रक्त पुढे ढकलायला जास्त जोर लावावा लागतो. जोर लावून लावून ती बाजू जाड होते, जड होते. तालमीत कमावलेली ताकद नव्हे ही, दुखणं आहे. वर रक्तात तांबड्या पेशी वाढतात, रक्त घट्ट होतं, म्हणजे ढकलायला आणखी जड."

"आणि डोंगरकरांना?"

"त्यांनाही होतं, पण थोडं. हवा तीच, पेटी तीच, दाणे तेच. वयही तेच, आणि सगळे नर, कारण माद्यांना हा त्रास मुळातच कमी होतो. मग एकाला का होतं आणि दुसऱ्याला का नाही, हाच माझा प्रश्न."

मी हा प्रश्न घरी सांगितला. ताई कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यात काय शोधायचंय? जावा-जावांना सासू एकच असते. एक फुगते, एक सुकते."

पहिल्या दोन खेपा अशा झाल्या की विचारू नका. एका बाजूला जड हृदयांचे सपाटकर, दुसऱ्या बाजूला हलक्या हृदयांचे डोंगरकर, मधे चिटपाखरू नाही. छोट्या मॅडमनी आलेख काढला, तो भाऊजींना दाखवला, आणि दोघांनी मिळून धुण्याच्या खोलीत फेर धरला. भाऊजी गात होते. ते गातात तेव्हा सूर त्यांच्याकडे पाठ करून उभा असतो, पण उंदरांनी कधी तक्रार केली नाही.

तिसरी खेप बिघडली. बारा डोंगरकर पेटीत गेले होते. बाहेर आले तेव्हा पाच नेहमीसारखे, चार मधलेच, आणि तिघांची हृदयं थेट सपाटकरांसारखी जड. पहिला संशय अर्थातच माझ्यावर आला, कारण संस्थेत काही बिघडलं की आधी गॅसवाल्याला धरायचं अशी रीत आहे. मी मीटरच्या पट्ट्या समोर फेकल्या. तीन आठवड्यांत ऑक्सिजनचा आकडा जागचा हललेला नव्हता. मग मोठ्या मॅडमनी चष्म्यावरून छोट्या मॅडमकडे पाहिलं.

वजन करण्याआधी हृदयाची उजवी भिंत बारीक कात्रीने बाकीच्या हृदयापासून सोडवावी लागते. केसाएवढं काम. कात्री तिरकी गेली की वजन बोंबललं. "तुमचा हात चुकतोय," मोठ्या मॅडम म्हणाल्या, "आणि आता चुकत असेल तर आधीच्या खेपांत चुकला नव्हता हे कशावरून? पुढच्या सोमवारच्या बैठकीत तुम्हाला या कामावर ठेवायचं की नाही ते ठरवू."

तीन वर्षांचं काम, आणि निकाल आठ दिवसांवर. छोट्या मॅडम खुर्चीवर पाय खाली सोडून बसायला लागल्या. पण मला जास्त नवल वाटलं ते भाऊजींचं. त्यांनी गाणं बंद केलं. डबा अर्धा परत जायला लागला. ताईने मला गाठलं.

"यांना झालंय काय? काल विचारलं मीठ कमी आहे का, तर म्हणाले हो. मग विचारलं जास्त आहे का, तर म्हणाले हो. तू काढून घे त्यांच्याकडून, नाहीतर मी येते तिथे."

ताई संस्थेत येणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. मी दुसऱ्या दिवशी भाऊजींना पिंजरे धुण्याच्या खोलीत पकडलं. ते रिकाम्या पिंजऱ्याच्या जाळीवर ब्रश फिरवत होते, केव्हाच स्वच्छ झालेल्या जागी.

"तुला तो दिवस आठवतो?" ते म्हणाले. "आपल्याला नात झाली तो?"

आठवत नाही कसा! चौदा महिने झाले. दवाखान्यातून फोन आला तो मी घेतला, आणि धावत उंदरांच्या खोलीच्या दाराशी जाऊन ओरडलो, "भाऊजी, नात झाली! आजोबा झालात!" भाऊजींच्या उजव्या हातात एक पिंजरा होता, डाव्या हातात एक. दोन्ही हातांतल्या पिंजऱ्यांसकट ते नाचले. मी आयुष्यात इतकं वाईट नाचताना कुणाला पाहिलेलं नाही. तिसऱ्या गिरकीला दोन्ही पिंजरे सुटले, झाकणं उडाली, आणि नऊ तरण्या उंदरिणी फरशीवर मोकळ्या झाल्या. आम्ही दोघं गुडघ्यांवर रांगत, हसत, एकमेकांवर आपटत त्यांना गोळा करत होतो. तीन तर मी टोपीत पकडल्या. पुढे वर्षभर मी चहाच्या वेळी सगळ्यांना ती गिरकी करून दाखवली. पिंजरे पडल्याचं तेवढं गाळून, कारण भाऊजींनी शपथ घातली होती.

"त्या दिवशी शाई मारायची होती," भाऊजी म्हणाले. "जुन्या रेघा उडालेल्या. एकाच वेळी दोन घराण्यांचे पिंजरे हातात घ्यायचे नाहीत, हा नियम कुणाचा? माझा. तो मीच मोडला. आणि मग मी त्यांना हाताने निवडलं. पाच इकडे, चार तिकडे. मोजणी बरोबर आली. मला वाटलं झालं."

"मग? तुमचा हात कधी चुकतो?"

"त्या दिवशी माझा हात माझा होता का रे? सगळं जग हातात नाचत होतं." त्यांनी ब्रश खाली ठेवला. "डोंगरकरांत एक सपाटकरीण गेली. मला आता खात्री आहे. आणि ती अशी लक्ष्मी निघाली की काय सांगू, एकेका वेताला बारा-बारा पिल्लं, सगळी गुटगुटीत. मी खूश झालो. तिच्याच लेकी-नातवंडांची लग्नं लावत गेलो, बाकीच्या शाखा बंद केल्या. तिकडे सपाटकरांत गेलेलीला पिल्लंच झाली नाहीत, म्हणून ते घर वाचलं. पण डोंगरकर... ते तिसऱ्या खेपेचे बारा, ते तिचे पणतू आहेत."

मी म्हणालो, "मग सांगून टाका की!"

"सांगितलं तर मोठ्या मॅडम काय करतील? भेसळीचं घराणं कोण ठेवतं? डोंगरकर संपवतील. एकोणीस वर्षं, मेहुणे! त्यांचे पणजोबांचे पणजोबा माझ्या हातात डोळे उघडलेत." मला ते रागात किंवा दुःखातच 'मेहुणे' म्हणतात. "आणि नाही सांगितलं तर ती पोर जाते. तिची कात्री सरळ आहे. मी रोज बघतो, रेघेसारखी सरळ आहे."

घरी जाऊन मी ताईला सगळं सांगितलं. तिने ऐकलं, आणि त्या रात्री जेवताना नवऱ्याच्या ताटात वाढताना एकच वाक्य बोलली. "अहो, उंदीर तुम्ही पुन्हा वाढवाल. पोरगी गेली तर तोंड कुणाला दाखवाल?" भाऊजींनी मान हलवली आणि त्या दिवशी डबल भात घेतला, त्यावरून मी ओळखलं की ठरलं.

सोमवारी भाऊजी बैठकीच्या खोलीत गेले. तीस-एकतीस वर्षांत त्या खोलीत ते फक्त पंखा बंद करायला गेले असतील. मी साक्षीदार म्हणून मागे. त्यांनी हात जोडले आणि घडाघडा सगळं सांगून टाकलं, गिरकीसकट. मग मोठ्या मॅडम हसल्या. अगदी मायेने हसल्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुमचं मन फार मोठं आहे. पण तिला वाचवायला तुम्ही आपल्या अंगावर घेताय, हे काय मला कळत नाही? पिंजरे पडले असतील. पण तुम्ही निवडलेले उंदीर चुकीचे? अहो, सूर्य पश्चिमेला उगवला म्हणा, मी खिडकीतून बघेन तरी."

"मॅडम, खरंच चुकलो हो!"

"हा होता तिथे," भाऊजींनी माझ्याकडे बोट केलं.

"तो तुमचा मेहुणा," मोठ्या मॅडम म्हणाल्या. "त्याची साक्ष कोण धरणार?"

मला राग आला. एकतीस वर्षं मी या माणसाची टिंगल करतोय आणि ऐन वेळी माझं नातं त्यांच्याच आड आलं. मी म्हणालो, "मग तपासणीला पाठवा! शेपटीच्या टोकावरून घराणं कळतं म्हणे."

"पाच आठवडे लागतात, आणि बाहेर पाठवायला कारण लागतं. भाऊजी चुकले हे कारण मी कुठल्या तोंडाने लिहू? लोक मला वेड्यात काढतील." मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, म्हणाल्या, "बरं, करून दाखवा. चुकून दाखवा."

हात दाखवून अवलक्षण करून घ्यायची अशी संधी कुणाला मिळत नाही. छोट्या मॅडमनी गिरकीच्या त्या दिवसाआधी जन्मलेले, म्हणजे नक्की शुद्ध असलेले दहा म्हातारे डोंगरकर आणि दहा म्हातारे सपाटकर काढले, शेपटीवरच्या रेघांवर चिकटपट्टी लावली आणि उलटसुलट करून वीस पिंजऱ्यांत ठेवले. निम्मी संस्था दाराशी जमली. भाऊजी एकेक उंदीर उचलायचे, क्षणभर थांबायचे आणि सांगायचे. डोंगरकर. डोंगरकर. सपाटकर. ओल्या झालेल्या बाह्या कुणी मोजल्या नाहीत. शेवटी चिकटपट्ट्या काढल्या. वीसच्या वीस बरोबर.

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी शिट्टी मारली. आणि या गलक्यात मधोमध भाऊजी डोक्याला हात लावून उभे, रडवेले. "अरे, एक तरी चुकायला हवा होता रे!" आयुष्यात पहिल्यांदाच मी एखाद्याला पैकीच्या पैकी गुण मिळाल्यावर पोटातून हळहळताना पाहिलं. मला हसू फुटलं आणि ते आवरेना. मग छोट्या मॅडमनाही आवरेना, आणि त्यांची तर नोकरी चालली होती!

हसता हसताच त्या एकदम थांबल्या. "थांबा. हा प्रयोगच चुकलाय," त्या म्हणाल्या. "उंदीर तेच घेतले, हात तोच घेतला, पण हवा तीच कुठे होती? त्या दिवशी भाऊजी नेहमीचे भाऊजी नव्हते. पेटीत न घालता मी डोंगरकर आणि सपाटकर तपासले तर दोघं सारखेच दिसतील ना? तसंच हे. यांना त्या दिवसाच्या हवेत ठेवून तपासायला हवं."

"म्हणजे काय करायचं?" मोठ्या मॅडमनी विचारलं.

"यांना आनंद द्यायचा."

मोठ्या मॅडमनी पेन खाली ठेवलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आनंद कुठून आणायचा मी ऐन सोमवारी? मी ताईला फोन लावला.

ताई म्हणाली, "बरं झालं केलास. संध्याकाळी सांगणार होते, अगदी समोर चालवून दाखवणार होते. पण सांगूनच टाक. लेक सकाळीच आलीये बाळाला घेऊन. आणि पोरगी चालली! कशालाही न धरता चार पावलं! पाचव्याला धपकन बसली आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या!"

मी फोन भाऊजींच्या कानाला लावला. पलीकडून ताईचा आवाज येत होता, मग लेकीचा, मग कुणीतरी छोटंसं काहीतरी ओरडलं, शब्द नव्हताच तो. भाऊजींचा चेहरा कानापासून उजळत गेला. "चालली? चार? कुणी धरलं नाही? चार!" त्यांनी फोन माझ्या हातात द्यायचा तो मोठ्या मॅडमच्या हातात दिला. "मॅडम, चालली!" मोठ्या मॅडमनी गोंधळून फोनला "अभिनंदन" म्हटलं. भाऊजी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नातीसारखी पावलं टाकत गेले, चार, आणि पाचव्याला धपकन बसून दाखवलं. साठीकडे झुकलेला माणूस!

मधल्या वेळात छोट्या मॅडमनी पिंजरे पुन्हा उलटसुलट केले, पट्ट्या पुन्हा लावल्या. भाऊजी निवडायला बसले. एवढे भराभर कधी निवडले नसतील. उंदराला उचलायचे, म्हणायचे "चार पावलं रे बाबा!" आणि ठेवून द्यायचे. "हा डोंगरकर. हा सपाटकर. हा पण! हा गोड आहे, हा डोंगरकर!" पाच मिनिटांत वीस संपवले आणि हात झटकत उभे राहिले. "घ्या! एकही चूक नाही! तेव्हाही अशीच खात्री होती मला!" तोंडातून ते निघून गेलं आणि ते स्वतःच दचकले.

पट्ट्या काढल्या. सहा चुकले होते.

या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. भाऊजी चुकलेल्या सहा पिंजऱ्यांकडे आ वासून बघत होते. चुकायला आलेला माणूस, चुकला, आणि त्याला ते सहन होईना. मुद्दाम चुकले असतील असं मोठ्या मॅडमना क्षणभरही वाटलं नाही, त्यांचा चेहरा बघून कुणालाच वाटलं नसतं. त्यांनी पेन उचललं आणि तपासणीच्या अर्जावर कारण लिहिलं. काय लिहिलं ते मी डोकावून पाहिलं. 'हाताळणीच्या वेळी अतिशय आनंद.'

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. तिसऱ्या खेपेचे बाराच्या बारा मिसळीचे. छोट्या मॅडमची कात्री सरळ होती, हे कागदावर आलं. मोठ्या मॅडमनी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली, ती त्यांना मागता येते हे आम्हाला तेव्हा कळलं. पण छोट्या मॅडमचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या खुर्चीवर पाय वर घेऊन जुने आकडे पुन्हा पाहत होत्या आणि एकाएकी खुर्चीसकट गरकन फिरल्या.

"भाऊजी, इकडे या! या मिसळीच्यांत बघा. याचं रक्त घट्ट आहे, पण हृदय हलकं. आणि हा, याचं रक्त पातळ तरी हृदय जड. शुद्ध सपाटकरांत या दोन्ही गोष्टी नेहमी जोडीने यायच्या, म्हणून मी त्यांना एकच समजत होते. त्या वेगळ्या आहेत! एकाच कारणाने हे होत नसावं, कारणं बरीच असावीत, आणि वाटणीत कुणाला कुठलं मिळालं यावर कोण पडणार ते ठरत असावं. बारावर काही सिद्ध होत नाही. मला असे दोनशे हवेत!"

लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात, आमच्या छोट्या मॅडमनी उंदीर पोखरून डोंगर काढला. त्या भाऊजींचे दोन्ही हात धरून नाचायला लागल्या. भाऊजी नाचले, पण आधी त्यांनी आजूबाजूला पाहून खात्री केली की हातात पिंजरा नाही.

त्याच कागदाच्या दुसऱ्या पानावर बाकीचं होतं. डोंगरकरांचे तरणे पिंजरे सगळेच मिसळीचे निघाले, त्या लक्ष्मीने एकही घर सोडलं नव्हतं. खरे डोंगरकर उरले ते परीक्षेला बसवलेले दहा म्हातारे. त्यांना आता पिल्लं होणार नव्हती. मोठ्या मॅडम स्वतः खाली आल्या, भाऊजींना म्हणाल्या, "ते दहा राहू द्या, त्यांचं आयुष्य असेल तोवर. घराणं मात्र आज बंद धरू." भाऊजींनी दारावरची डोंगरकरांची पाटी काढली, पुसली, आणि शर्टाच्या खिशात ठेवली. मी काहीतरी विनोद करणार होतो, पण सुचला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मिसळीच्यांची खोली सुरू झाली. यांच्यात कुणीच कुणासारखा नाही, म्हणून प्रत्येकाच्या कानाला नंबरचा बारीक बिल्ला. भाऊजींनी पहिला पिंजरा उघडला, एक तरणा नर उचलला. तो बोटं फाकवून गप्प बसला, विचार केला, आणि मग सावकाश त्यांच्या तळहातावर मुतला. भाऊजी इतके हसले की भिंतीला टेकावं लागलं. मीही हसलो. "दोन्ही घरचं वळण घेतलंय लबाडाने!" ते म्हणाले, आणि हसताना त्यांचे डोळे भरून आले ते त्यांनी बाहीला पुसले.

मग त्यांनी उंदीर डोळ्यांजवळ नेला. लांब नेला. पुन्हा जवळ आणला. एकतीस वर्षं या माणसाने या खोलीत चष्मा आणला नव्हता, लागलाच नव्हता.

"वाच रे," ते मला म्हणाले. "हा कोण आहे?"

मी नंबर वाचला. त्यांनी तो उंदराला दोनदा म्हणून दाखवला, त्याला जपून खाली ठेवलं, आणि म्हणाले, "ताईला सांग, उद्यापासून डब्याबरोबर माझा चष्मा देत जा."